न फुटलेल्या लाह्या

१

“काका, माणूस मारल्यावर झोप येते का?”

प्रश्न माझा नव्हता. तृप्ती आणि रश्मीने तो शाळेच्या रस्त्यावर माझ्या गळ्यात मारला होता.

“विहारातल्या भाषण स्पर्धेत पहिली आली तेव्हापासून लय हवेत हायेस ना प्रतिक्षा?” तृप्ती सायकल चालवता चालवता म्हणाली. “मग त्या अंडासेलवाल्याले इचारून दाखव.”

“दाखवते की! त्यात काय?”

रश्मी मात्र त्या दिवशी चिडलेली होती. “तुमचं चालू द्या. मले रात्रीची झोप नाही अन् दिवसाचा अभ्यास नाही. आमच्या घरामागं भूपेंद्रकाकाच्या अंगणात त्याच्या घरचे चार दिवसांपासून धप्प धप्प काय बडवून राहिले, काय माहीत! एवढ्या गोधड्या कोणाच्या घरी असतात का?”

आम्ही खूप हसलो. मग तलावाची पाळ आली आणि आमचं हसू बंद झालं, कारण पाळीवर तो बसला होता.

अंकुश. माझ्या जन्माच्या आधी जेलात गेलेला माणूस. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, धानाच्या शेतात, जाणार, एवढ्या भांडणावरून त्याने फावड्याने माणूस मारला. आत गेल्यावरही हात थांबला नाही. शिपायाच्या डोक्यात जेवणाची थाळी घातली, एका कैद्याचा जबडा मोडला, जेलातला कारखाना पेटवून दिला. एका जेलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. शेवटी अंडासेल, म्हणजे सगळ्यात खतरनाक कैद्याला एकट्याला कोंडतात ती खोली. गावातल्या आया लेकरांना जेवू घालताना त्याचं नाव घेत. आता म्हातारपणाकडे झुकल्यावर सरकारने त्याला अटीवर सोडलं होतं. अट एकच: पुन्हा गुन्हा नको.

मी तृप्तीच्या सायकलवरून उतरले, त्याच्या समोर उभी राहिले आणि विचारलं.

त्याने मान वर केली. डोळे अगदी साधे होते, याचंच मला जास्त भ्या वाटलं.

“इचारणारी तू पयलीच,” तो म्हणाला. “जाय, तुही घंटा होऊन राहिली.”

उत्तर त्याने दिलं नाही. आणि त्याच संध्याकाळी भूपेंद्रकाकाचं पुंजणं पेटलं.

२

आमच्याकडे धान कापलं की पेंड्या बांधतात आणि बांधीतच त्यांचा गोल ढीग रचतात. पेंडीची लोंबं आत, बुडखे बाहेर, म्हणजे पाखरं आणि दव दाण्याला लागत नाही. त्या ढिगाला पुंजणं म्हणतात. घराएवढं पुंजणं पेटलं म्हणजे घरातलं माणूस मेल्यासारखं असतं, वर्षभराचं पोट जातं.

दिवे लागायची वेळ होती. “आग! आग!” ऐकून सगळं गाव बादल्या घेऊन धावलं. मीही धावले. तलावातून बादली भरून पोचेपर्यंत ज्वाळा ताडाएवढ्या झाल्या होत्या, आणि दुसरी बादली आणेपर्यंत सगळं खाली बसलं होतं. भडकलं काय, संपलं काय!

“माहं सोनं जाळलं रे!” भूपेंद्रकाका छाती बडवत होता. तो गावचा उपसरपंच. ट्रॅक्टर त्याचा, धान चुरायची, म्हणजे मळायची, मशीन त्याची. आणि अंकुशचा चुलतभाऊही तोच.

तेवढ्यात धुरातून अंकुश बाहेर आला. दोन्ही तळहात भाजलेले, कातडी लोंबत होती.

“पाहा!” भूपेंद्रकाका किंचाळला. “जेलातला कारखाना पेटवणारा हात हाय हा! बांधीचा हिस्सा मागत होता माह्याजवळ. नाही म्हटलं, तं जाळून टाकलं!”

पोलीस पाटील केशवराव पुढे झाले. “अंकुश, तूनं केलं का?”

“म्हणा केलं,” तो म्हणाला. “तुमची मर्जी.”

“लेका, नीट बोल! उद्या मी अर्ज लिहितो, परवा सकाळी पवनीच्या ठाण्यातून जमादार येईन. एक गुन्हा नोंदला की तुही सुटका रद्द. मरेपर्यंत आत सडशीन!”

तो हात हवेत धरून पाळीकडे चालू लागला. लोकांनी त्याला वाट दिली, जशी सापाला देतात.

घरी येताना आई पुटपुटत होती, “कोंढ्याला तुझ्या मावशीच्या शेजारी पुंजण्याला लागली होती ना गेल्या साली, तर दोन दिवस धुमसत होतं बाई ते. इथं बरं लवकर विझलं.”

मी थबकले. त्या आगीत काहीतरी कमी होतं. काय, ते काही केल्या आठवेना.

३

सकाळी मी मुद्दाम त्या बांधीतून गेले. राखेत चप्पल घातली. थंडगार! फुंकर मारली तर उडून जाईल अशी पांढरी, हलकी राख. बाजूच्या बाभळीवर साळुंक्या बसल्या होत्या, पण राखेकडे एकही फिरकत नव्हती.

“शेरलॉक, शाळा नाही का आज?” तृप्ती. मागे रश्मी. (ही आमच्या वर्गातली शिवी आहे, कौतुक नाही.)

“शाळा जाऊ दे. मले सांग, अंकुशकाका जेलात गेला तं कोणाले आनंद होईन?”

“सगळ्या गावाले.”

“सगळ्यात जास्त?”

दोघी एकदम म्हणाल्या, “धर्मेंद्रदादाले!”

खरंच होतं. अंकुशने ज्याला मारलं, त्याचा मुलगा धर्मेंद्र. बाप गेला तेव्हा तो आईच्या कडेवर होता. आता आसगावच्या वळणावर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात पेट्रोलच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असतात, हे मी आधीच मनात नोंदवलं होतं. मी तिथे गेले.

“दादा, आग लागली तेव्हा तू कुठं होता?”

त्याने पाना खाली ठेवला. “काहून? तू जमादार झाली का?”

“नाही झाली. पण सांग ना.”

“मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम करत होतो समाजमंदिरात. पंधरा-वीस जणं होते. इचार जाऊन.” मग तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “तुले वाटते मी त्याले फसवलं? पोट्टे, तुले काहीच समजत नाही. मी रोज सकाळी त्या पाळीवरून मुद्दाम गाडी नेतो. मले पाहिलं की तो उठून उभा राहते अन् मान खाली घालते. रोज! ज्याच्या नावानं जेलचे शिपाई थरथरत, तो माह्यासमोर मान खाली घालते. तो आत गेला, तं कोण घालंन मान?”

तो पुन्हा गाडीखाली वाकला. मी निघाले, तेव्हा आतून आवाज आला, “अन् ऐक. तो रोज संध्याकाळी त्या बांधीजवळ बसते, हे माह्याच नाही, सगळ्या गावाच्या ध्यानात हाय.”

४

भूपेंद्रकाकाच्या अंगणात मंजुषाकाकू सुपात धान पाखडत होती. दाणे नवे, पिवळेधमक. तिच्या दोन्ही तळहातांना हळद लावून फडकी बांधलेली होती.

“काकू, हाताले काय झालं?”

“चुलीवर भाजलं.” तिने वर पाहिलं नाही.

पण फडकं सरकलं होतं. आत भाजल्याचं काही नव्हतं. बोटांच्या मुळाशी फोड आले होते आणि वर बारीक बारीक चिरा. विहिरीचा दोर दिवसभर ओढल्यावर आईच्या हाताला येतात तसे फोड.

“कोणतं धान हाय हे? जळालं ना तुमचं?”

काकूचा हात थांबला. सुपातून चार दाणे उडून माझ्या पायाजवळ पडले. तेवढ्यात भूपेंद्रकाका घरातून बाहेर आला. आधी तो वाकला, ते चार दाणे एकेक करून उचलले, कपाळाला लावले आणि सुपात टाकले. मग माझ्यावर ओरडला.

“काय पाहिजे तुले?”

“काही नाही. इचारपूस करायले आली. नुकसान झालं ना तुमचं.”

“तुमच्या मोहल्ल्यातल्या पोरी आता आमची इचारपूस करणार का? तुह्या बापाले सांगतो थांब. नळाचं पाणी सोडायची नोकरी ग्रामपंचायतची हाय म्हणा, पंचायत कोणाची हाय ते घरी जाऊन इचार!”

आधीची प्रतिक्षा असती तर रडत पळाली असती. मी म्हटलं, “पंचायत गावाची हाय, काका.” आणि मग पळाले. पण रडत नाही!

धापा टाकत रस्त्यावर आले. मंडईची दुकानं लागू लागली होती. एका भट्टीवर बाई तापलेल्या वाळूत धान टाकत होती. तड तड तड! पांढऱ्याशुभ्र लाह्या उडत होत्या आणि तो गोड, करपट वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता.

मी जागच्या जागी उभी राहिले. मागून येणारा म्हशींचा कळप मला वळसा घालून गेला.

काल त्या धुरात काय कमी होतं, ते मला कळलं होतं.

५

पण कळणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. मी घरी डोकावले आणि तडक पाळीवर गेले. अंकुशकाका तिथेच बसला होता. हातांना कोणी मलमसुद्धा लावलं नव्हतं. मी आईच्या डब्यातून आणलेली मलमाची नळी पुढे केली. तो बघतच राहिला.

“तू आगीत कायले गेला होता काका?”

“पुंजणं जळत होतं.”

“तुहं थोडीच होतं!”

“धान होतं ना.” त्याला हे पुरेसं उत्तर वाटत होतं. मग हळूच म्हणाला, “बांधी माह्या बापाची हाय. मी जेलात, तं भूपेंद्र वाहते. म्या हिस्सा मागितला, हे खरं. पण आग मी नाही लावली.”

“मग काल काहून नाही सांगितलं?”

“जेलातला कारखाना मी पेटवला, असं सगळे म्हणतात ना? तो बी मी नाही पेटवला. शॉर्टसर्किट होतं. मी वरडून वरडून सांगितलं. साहेब म्हणे, तूनं नाही तं कोणं? शिपायाले मारलं, ते मी मारलं. जबडा मोडला, तो मी मोडला. मले राग येत होता अन् राग आला की मी माणूस राहत नव्हतो. पण जे केलं ते बी माह्या नावावर, नाही केलं ते बी माह्या नावावर. मग म्या सांगनंच सोडून देल्लं.”

वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडत होत्या. 

“तूनं काल इचारलं होतं ना,” तो म्हणाला, “झोप येते का म्हणून?”

मी मान हलवली.

“येते. पयल्या राती नाही आली. मंग येऊ लागली, चांगली गाढ. तेच तं वाईट हाय पोरी. झोप येते.”

 हा माणूस संत नव्हता. त्याने धर्मेंद्रदादाचा बाप मारला होता, हे तो पाळीवर बसून मला सांगत होता. पण आग त्याची नव्हती.

“काका, तू पुंजण्यातून काही बाहेर काढलं का? एखादी पेंडी?”

“दोन-तीन ओढल्या. एक हातात आली, फेकली तिकडं बेशरमीच्या झुडपात. मंग हात जळाले.”

“पाहिली होती का ती?”

“हात जळत असल्यावर कोण पाहते?”

मी बेशरमीच्या झुडपात शिरले. चिखलात, पाण्याला टेकून, ती पडली होती. मी ती उचलली, उलटी केली आणि इतक्या जोराने ओरडले की तलावातले बगळे उडाले.

६

संध्याकाळी समाजमंदिरासमोर गाव जमलं होतं. केशवरावांच्या हातात अर्ज होता, भूपेंद्रकाका खुर्चीवर, मंजुषाकाकू बायांमध्ये मागे. अंकुश कडुनिंबाखाली एकटा. माझे बाबाही होते. मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, घरी जा.

मी पेंडी ओट्यावर ठेवली.

“अंकुशकाकाने आगीतून ओढलेली ही पेंडी. पाहा. बुडखा जळलेला हाय, लोंबं साबूत हायेत. म्हणजे ही पुंजण्यातलीच, बुडखा बाहेर अन् लोंबं आत. बरोबर?”

“बरोबर,” केशवराव म्हणाले.

“मग लोंबाले हात लावा.”

त्यांनी लोंब चिमटीत धरून ओढलं. पुन्हा ओढलं. बोटांना एकही दाणा लागला नाही.

“हे तं झोडलेलं हाय,” ते म्हणाले.

“सगळं पुंजणं झोडलेलं होतं! म्हणून ते दाणे नसलेल्या तणसासारखं भडकलं अन् तणसासारखं विझलं. कोंढ्याचं पुंजणं दोन दिवस धुमसत होतं. इथली राख सकाळी थंड होती. धान जळलं की लाह्या फुटतात, गावभर वास सुटते. काल कोणाले आला वास? आज कोणाच्या कोंबड्या गेल्या राखेत दाणे टिपायले?”

 बायांमध्ये चुळबुळ सुरू झाली. लाह्यांचा वास त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

“ज्याच्या घरी चुरायची मशीन हाय, त्यानं हातानं काहून झोडलं? कारण मशीनमध्ये पेंडीचा चुरा होते, अन् त्याले पेंड्या अख्ख्या पाहिजे होत्या, पुन्हा रचायले. लोंबं आत असतात, बाहेरून कोणाले समजते? चार दिवस त्याच्या अंगणात धप्प धप्प होत होतं. रश्मी, सांग.”

“गोधड्या वाटल्या होत्या मले,” रश्मी घाबरत म्हणाली.

“काकूच्या हाताचे फोड चुलीचे नाहीत. अन् काकांची दुसरी बांधी अजून उभी हाय, कापलेलीसुद्धा नाही. मग आज सुपात नवं धान कुठून आलं?”

मंजुषाकाकूने हात पदराखाली घेतले. सगळ्यांनी पाहिलं.

“अंकुशकाका रोज संध्याकाळी बांधीजवळ बसते, हे सगळ्या गावाले माहीत हाय. तो आत गेला की हिस्सा मागायले कोणी उरत नाही. काका, तुमचं सगळं बरोबर जमलं असतं. खरं धान जाळलं असतं तं मले काहीच कळलं नसतं. पण ते तुमच्याच्यानं झालं नाही. सकाळी चार दाणे पडले, तं मले हाकलायच्या आधी तुम्ही ते उचलून कपाळाले लावले. माणसाले जन्मभर जेलात घालायले तुमचा हात कापला नाही. दाणा जाळायले कापला.”

भूपेंद्रकाकाचा चेहरा राखेसारखा झाला. पण तो उपसरपंच होता. तो उठला, धोतराचा सोगा झटकला.

“झालं भाषण? केशवराव, लिहून घ्या मग. पण बयानावर सही कोण करते, ते मले पाहायचं हाय. बाकी मंडळी, तुमचं धान चुरायचं बाकी हाय अन् मशीन माही हाय, एवढं ध्यानात ठेवा.”

केशवरावांनी अर्ज ओट्यावर ठेवला. “मी मनानं लिहू शकत नाही. सही लागते. कोण देते बयान?”

माना खाली गेल्या. एकेक, अगदी माझ्या बाबांचीही. धर्मेंद्रदादा उठला, उभा राहिला आणि निघून गेला. अंकुश कडुनिंबाखालून म्हणाला, “पोरीले घरी न्या. सवय हाय मले.”

बाबांनी माझा हात धरला.

७

जेवताना आईने मला दोनदा भात वाढला, मी दोनदा नको म्हटलं.

शेवटी बाबाच म्हणाले, “तू बरोबर होतीस, प्रतिक्षा. मी नाही म्हणत नाही. पण आपलं काय जाते त्यात? तो काही देवमाणूस नाही.”

“नाहीच आहे. त्यानं माणूस मारला, त्याची शिक्षा भोगली. ही आग त्याची नाही, बाबा.”

“अन् माही नोकरी गेली तं?”

 भाषण स्पर्धेत असले प्रश्न विचारत नाहीत.

“भांडणं मोठ्या लोकांची,” आई म्हणाली. “लहान आहेस तू अजून. झोप आता, सकाळपर्यंत डोकं शांत होईल.”

“झोप येईल, आई. आजची रात्र कदाचित नाही येणार, पण उद्या येईल, परवा गाढ येईल. तो आत सडत राहील अन् मला मस्त झोप येत राहील. तेच तर वाईट आहे ना?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी दुसऱ्याच कोणाची मुलगी आहे. मग बाबांकडे पाहिलं.

मी ताट उचललं, धुतलं, पालथं ठेवलं. ती पेंडी जुन्या पोत्यात गुंडाळून दाराशी उभी केली.

“सकाळी जमादार इथं यायच्या आधी मी पवनीच्या ठाण्यात जाणार आहे,” मी सांगितलं. “बयानावर पहिली सही माझी. मी लहान आहे म्हणून सोबत मोठं माणूस लागेल, तर तुमच्यापैकी कोणीतरी चला. नाही आलात, तरी तृप्तीची सायकल मी सांगून ठेवली आहे.”